घरी असणे आणि मोकळे असणे



'आमची सून नोकरी करते, पण घरीच असते.' गेल्या काही वर्षांत हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांतून वारंवार ऐकू येते. निकाहची बोलणी चालू असताना मुलीकडची माणसे ते आवर्जून सांगतात आणि मुलाकडची माणसे समाधानाने मान डोलावतात. मराठी व्याकरणात 'च' हे एका अक्षराचे शब्दयोगी अव्यय आहे. या वाक्यातील सारा भार त्या एका अक्षरावर आहे. ती घरीच असते, म्हणजे दार वाजले की तीच उघडेल, दूध उतू जाऊ लागले की तीच धावेल, मूल रडले की तीच उचलेल. नोकरी करते हा वाक्याचा पहिला भाग त्या 'च'पुढे कधी पुसून जातो, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

२५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी सुरू झाली आणि पुण्यामुंबईच्या कार्यालयांतील कामे घराघरांत, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी येऊन बसली. पुढे टाळेबंदी उठली, कार्यालये उघडली. तरीही लहान मुले असलेल्या अनेक भगिनींनी घरून काम करण्याची मुभा मागून घेतली किंवा तशाच नोकऱ्या शोधल्या. कोणी कंपनीचे हिशेब पाहते, कोणी विम्याचे दावे तपासते, कोणी ऑनलाइन शिकवण्या घेते. कुटुंबांना हा मार्ग फार पसंत पडला. परदा सांभाळला गेला, पगारही चालू राहिला, मूल आईच्या नजरेसमोर राहिले, दुपारची भाकरी गरम मिळू लागली. सगळ्यांचेच भले झाले, असे म्हटले जाते. या 'सगळ्यां'मध्ये तिची स्वतःची गणना झाली आहे काय, एवढाच प्रश्न आज मला आपल्यासमोर ठेवावयाचा आहे.

मशिदीत मसअले विचारले जातात, त्यांत अलीकडे अशा भगिनींचे मसअले असतात. बहुधा ते फोनवरून किंवा कुणाकरवी येतात. जोहरच्या वेळेत मीटिंग लागते, नमाज कशी अदा करावी? कामाच्या वेळेत बाळाला दूध पाजले तर त्या वेळेचा पगार हलाल ठरतो काय? हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्या भगिनीच्या तकव्याचे मला कौतुक वाटले. कंपनीच्या वीस मिनिटांची तिला काळजी होती. मात्र त्याच घरातील कुणीही, तिच्या कामाच्या तासांतून आपण रोज जो वेळ काढून घेतो तो आपल्याला हलाल आहे काय, असे विचारायला आजवर माझ्याकडे आलेले नाही.

तिला दिलेले उत्तर आधी सांगतो. फर्ज नमाज, नैसर्गिक गरजा आणि सर्वमान्य रूढीने ज्या थोड्या उसंतीला मालकाची संमती गृहीत धरली जाते, ती कामाच्या करारात सामावलेली असते. दूध पाजण्याची गोष्ट वरिष्ठांना सांगून ठेवावी, काम पूर्ण करावे आणि निर्धास्त राहावे. तिचा मसअला एवढ्यावर सुटला. घरच्यांचा मसअला मोठा आहे, आणि त्यासाठी फिकहमधील एक भेद समजून घ्यावा लागेल.

घरून काम ही आपल्यात नवी गोष्ट नाही. सोलापुरात विड्या वळणाऱ्या, मालेगाव-भिवंडीकडे यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या, मुंबईच्या वस्त्यांत कपड्यांवर जरीकाम, टिकलीकाम करणाऱ्या माताभगिनी पिढ्यान्‌पिढ्या घरात बसूनच कमावत आल्या आहेत. त्या कामाला मोबदला मिळतो तो नगावर. मूल रडले तर सूप बाजूला ठेवायचे, मूल झोपले की पुन्हा पुढ्यात ओढायचे. विड्या कमी वळल्या तर पैसे कमी मिळतील, पण करार मोडत नाही. आजच्या भगिनीचा करार निराळा आहे. तिने नग विकलेले नाहीत, वेळ विकला आहे.

आपल्या फुकहांनी हा भेद शेकडो वर्षांपूर्वी स्पष्ट केला. अनेकांची कामे घेणारा शिंपी किंवा रंगारी, त्याला 'अजीर मुश्तरक' म्हणतात. तो काम पुरे करून देईल तेव्हा मजुरीचा हक्कदार होतो. ज्याला ठरावीक मुदतीसाठी एकाच मालकाने ठेवले आहे, उदाहरणार्थ महिन्याने ठेवलेला मेंढपाळ, तो 'अजीर खास'. हनफी ग्रंथांत असे सांगितले आहे, की अजीर खासने ठरलेल्या वेळी स्वतःला कामासाठी हजर केले, की तो मजुरीस पात्र होतो, मग मालकाने त्याला प्रत्यक्ष काम दिलेले असो वा नसो. म्हणजे इथे विकली गेलेली वस्तू वेळ हीच आहे. फर्ज नमाज वगळता त्या वेळेत त्याने दुसऱ्याचे काम करावयाचे नाही.

सकाळी दहा ते संध्याकाळी सातपर्यंत लॅपटॉपसमोर बसणारी आपली सून, मुलगी, पत्नी ही अजीर खास आहे. तिचे ते तास तिचे राहिलेले नाहीत, मग ते आपले कसे असतील? शौहरच्या संमतीने, घरच्यांच्या माहितीने ते दुसऱ्या कुणाला दिले गेले आहेत आणि त्यांचा मोबदला महिन्याच्या शेवटी घरात येतो. साडेअकराला पाहुणे आले म्हणून तिला चहाला उठवणारा माणूस तिच्याजवळ तिचा वेळ मागत नसतो. तिच्याकडे ठेवलेली अमानत तो मागत असतो. शेजाऱ्याने आपल्या घरी ठेवायला दिलेल्या पैशांतून भाजी आणावी, असे आपण कुणाला सांगणार नाही. वेळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो उचलताना हात थरथरत नाही.

कुणी म्हणेल, मौलाना, पाच मिनिटांच्या चहाने कंपनी बुडत नाही. खरे आहे, कंपनी बुडत नाही. कारण ती पाच मिनिटे, आणि भाजी निवडण्याची वीस मिनिटे, आणि मुलाचा गृहपाठ घेण्याचा अर्धा तास ती कंपनीला परत करते. केव्हा परत करते? रात्री सगळे निजल्यावर, इशाच्या नंतर, पडद्यावरचा उजेड कमी करून, बाळ जागे होऊ नये म्हणून आवाज न करता. कंपनीचा हक्क पुरा होतो, घराचाही पुरा होतो, आणि तूट येते ती तिच्या झोपेत. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रात्र रात्र इबादत करीत आणि दिवसा सतत रोजे ठेवीत, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना शरीराचा हक्क, डोळ्यांचा हक्क, पत्नीचा हक्क यांची आठवण दिली. ही हदीस आपण अतिरेकी इबादत करणाऱ्या पुरुषाला सांगतो. इबादतीसाठीही जे डोळे इतके शिणवावयाचे नाहीत, ते आपल्या चहापाण्याच्या भरपाईसाठी शिणवावे, याला काय आधार आहे?

इथे भारत सरकारच्या एका पाहणीचा उल्लेख करतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात असे दिसून आले, की घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तास आणि सुमारे दीड तास. आणि हे ९७ मिनिटेवाले पुरुष म्हणजे घरकामात काही ना काही हात लावणारे. जे लावतच नाहीत ते या सरासरीत नाहीतच.

घरकाम ही पत्नीची जबाबदारी आहे की नाही, यावर फुकहांत चर्चा आहे आणि ती मी लपवू इच्छित नाही. हनफी मताचा सारांश असा, की दियानतीने, म्हणजे अल्लाहसमोरील नैतिक कर्तव्य म्हणून, घर सांभाळणे तिच्याकडे येते. पण कजाने, म्हणजे न्यायालयाच्या जोरावर, तिला स्वयंपाकाची सक्ती करता येत नाही. हा बारकावा विलक्षण आहे. ज्या कर्तव्याचा हिशेब फक्त अल्लाहने घ्यावयाचा, त्याचा तगादा लावण्याचा अधिकार इतरांना दिलेला नाही. आपण मात्र काजीलाही नसलेला अधिकार सासरच्या माजघरात सहज बजावतो.

अशा वेळी हजरत फातिमा (रजि.) यांचा दाखला हमखास पुढे केला जातो. जाते ओढून त्यांच्या हातांना त्रास होत असे. मदतीला सेवक मिळावा म्हणून त्या पित्याकडे गेल्या. प्रेषित (स.) त्या रात्री स्वतः त्यांच्या घरी आले आणि निजताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्याची शिकवण देऊन गेले. यावरून काही मंडळी निष्कर्ष काढतात, की स्त्रीने तक्रार न करता राबावे. मला हा निष्कर्ष त्या हदीसमध्ये सापडत नाही. लेकीचे हात दुखतात ही बातमी ऐकताच स्वतः तिच्या दारी जाणारा पिता त्या हदीसमध्ये आहे. आणि ज्या घरात सेवक ठेवला गेला नाही, त्याच परंपरेतील पित्याच्या घरची रीत माता हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगून ठेवली आहे: प्रेषित (स.) घरात असत तेव्हा घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ते आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, कपडे स्वतः शिवीत, असेही वर्णन आले आहे. फातिमांची तसबीह पत्नीला शिकवणाऱ्याने ही दुसरी सुन्नत स्वतःसाठी ठेवावी. एकाच घरात दोन्ही सुन्नती नांदू शकतात.

हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या कन्या हजरत अस्मा (रजि.) यांची हकिकत तर मला अधिक जवळची वाटते. पती हजरत जुबैर (रजि.) यांच्या जमिनीवरून खजुराच्या बिया डोक्यावर वाहून आणाव्या लागत, अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. घोड्याचा चारापाणी त्यांच्याकडेच. पुढे पित्याने घोडा सांभाळायला सेवक पाठवला, तेव्हा त्यांना गुलामीतून सुटल्यासारखे वाटले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. सहाबियाने आपल्या थकव्यासाठी वापरलेली ही उपमा हदीसच्या ग्रंथात जशीच्या तशी जपली गेली. कुणी तिला नाशुक्री ठरवले नाही.

आता मुलाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. चहा आणि पाहुणे यांचे उत्तर देता येते. बंद दाराशी बसून 'अम्मी' म्हणून हाक मारणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला अजीर खास आणि अजीर मुश्तरक यांतील भेद समजावता येत नाही. त्याचा हक्क खरा आहे, त्याचे रडणे खरे आहे आणि दाराच्या आत बसून ते ऐकणाऱ्या आईच्या काळजाचे काय होते, हे पुरुषांनी सांगू नये. कार्यालयात गेलेल्या आईला ते रडणे निदान ऐकू येत नाही. घरून काम करणारी आई एका भिंतीच्या अंतरावर असते, दोन्हीकडे असते आणि दोन्हीकडे अपुरी पडल्याची बोच तिला लागून राहते.

बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे, जिच्याकडे इमाम म्हणून माझे लक्ष नेहमी जाते. प्रेषित (स.) यांनी सांगितले, की आपण नमाजला उभे राहतो तेव्हा ती लांबवण्याचा इरादा असतो, मग एखाद्या मुलाचे रडणे ऐकू येते आणि त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून आपण नमाज आटोपती घेतो. मस्जिदे नबवीत सफा लागलेल्या आहेत. मूल रडते आहे. त्या आईला कुणी म्हणत नाही, की तू घरी का नाही थांबलीस. मुलाला गप्प कर, असेही कुणी म्हणत नाही. रडण्याची जबाबदारी इमाम स्वतःवर घेतो आणि सगळी जमात त्याच्यामागे आपली नमाज थोडक्यात पुरी करते. एका मुलाच्या रडण्याला साऱ्या मशिदीने उत्तर दिले. आपल्या घरात तेच रडणे ऐकून दिवाणखान्यातील तीन मोठी माणसे एकच उत्तर देतात: 'अगं, बघ, रडतोय.'

हजरत अबू कतादा (रजि.) यांनी सांगितलेली दुसरी हदीस तर अधिकच बोलकी आहे. प्रेषित (स.) नमाज पढवत असताना त्यांच्या खांद्यावर नात उमामा (रजि.) होत्या, सजद्याला जाताना ते त्यांना खाली ठेवीत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. मूल सांभाळणे हे बायकी काम आहे, असे मानणाऱ्याने या सफेत आपण कुठे उभे आहोत ते पाहावे.

कुरआनने तर दूध तोडण्याचा निर्णयही एकट्या आईवर सोडलेला नाही. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत तो आईवडिलांनी परस्परांच्या संमतीने व विचारविनिमयाने घ्यावा असे आहे, आणि मुलापायी ना आईला त्रास दिला जावा, ना बापाला, असेही तिथेच आहे. जो विषय सर्वस्वी आईचा वाटतो, तिथेही बापाला सल्लामसलतीला बसवले आहे. आपला देशातील कायदा मात्र इथे अर्ध्या वाटेवर थांबला, असे मला वाटते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची केली, त्यानंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची सोय ठेवली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केले. या तरतुदींचे स्वागतच आहे. पण पाळणाघरही मातृत्वाच्या कायद्यात बसवले गेले, जणू पाळण्यातील मुलाला फक्त आई असते.

सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत घराच्या आतील दाराचा अदब शिकवला आहे. फज्रपूर्वी, दुपारी विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर, या तीन वेळी घरातील सेवकांनी व अजाण मुलांनीही परवानगी घेऊन आत यावे. यावरून कामाच्या वेळेचा नवा शरई हुकूम काढण्याचे धाडस मी करणार नाही. ती आयत खाजगीपणाबद्दल आहे. मात्र तिच्यातून एवढे निश्चित शिकता येते, की एकाच घरातील, एकाच माणसाचे सगळे तास सारखे नसतात, आणि मुलांनाही हे लहानपणापासून शिकवता येते. कोणत्या तासांत दार वाजवायचे नाही हे सातव्या वर्षी शिकलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षी आपल्या पत्नीला वेगळ्या नजरेने पाहील, अशी मला आशा आहे.

हे सांगितले की एक बंधू हसून म्हणतात, मौलाना, दार कुठले? मुंब्र्यात एका खोलीत सहा माणसे राहतात. बरोबर आहे. म्हणूनच दाराहून वेळेची गोष्ट महत्त्वाची. खोली नसली तरी तास ठरवता येतात; त्या तासांत दूरदर्शनचा आवाज, चुलीवरचे दूध आणि बाळाचे लंगोट कुणाकडे, हे ठरवता येते. मोठे घर असलेल्यांनीच हे केले आहे असा माझा अनुभव नाही. उलट चार खोल्यांच्या घरात 'ती आतच आहे' म्हणून हाका अधिक मारल्या जातात.

पगाराविषयी फार लिहीत नाही, कारण तो मसअला स्पष्ट आहे. सूरह निसाच्या ३२ व्या आयतीनुसार पुरुषांनी कमावले त्यात त्यांचा वाटा आणि स्त्रियांनी कमावले त्यात त्यांचा. घरखर्च, म्हणजे नफका, पतीच्या जिम्म्यावर आहे. पत्नीचा पगार तिचा आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी हजरत जैनब (रजि.) यांनी विचारले होते, की आपण पतीवर आणि पदरातील अनाथांवर खर्च केला तर तो सदका होईल काय? प्रेषित (स.) यांनी सांगितले, की त्यांना दुप्पट पुण्य आहे, नात्याचेही आणि सदक्याचेही. थोडा विचार करा. जे देणे मुळातच लागू आहे, त्याला सदका म्हणत नाहीत. घराचा हप्ता पत्नीच्या पगारातून जात असेल तर तो तिचा एहसान आहे, आणि एहसान घेणाऱ्याने संध्याकाळी भांडी घासली तर त्याच्या मर्दानगीला बाधा येत नाही.

मालकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. इजारा, म्हणजे मजुरीचा करार, मुदत अनिश्चित असेल तर आपल्या फिकहमध्ये सदोष ठरतो, कारण अनिश्चितता भांडणाला जन्म देते. घरून काम आहे म्हणून रात्री दहाला निरोप पाठवायचा आणि अकराला उत्तराची अपेक्षा करायची, ही तीच अनिश्चितता आहे. आपल्या समाजात आता अनेक बंधूंची स्वतःची कार्यालये आहेत. ते जकात काटेकोरपणे काढतात. त्यांनी हाही हिशेब पाहावा.

आमच्या जमातीतील एक बुजुर्ग सेवानिवृत्त आहेत. सुनेची दुपारची मीटिंग दीडला सुरू होते, म्हणून ते चार वर्षांच्या नातवाला जोहरच्या जमातीला सोबत आणू लागले. नातू शेवटच्या सफेत उभा राहतो, दुसऱ्या रकअतीपासून पळू लागतो, एकदा त्याने वजूखान्यातले सगळे नळ सोडून दिले. दोन नमाजींनी माझ्याकडे तक्रार केली. मी त्यांना हजरत उमामांची हदीस सांगितली. ते गप्प झाले, पण पटले असेल असे चेहऱ्यावरून वाटले नाही. दुसऱ्या दिवशी ते बुजुर्ग एकटेच आले. मला शंका आली, की तक्रार त्यांच्या कानावर गेली. नमाजनंतर मी त्यांना थांबवून विचारले, आज नातू कुठे?

'आज सुनेला सुटी आहे,' ते चपला घालत म्हणाले, 'मायलेक दोघेही झोपलेत. मी बाहेरून कडी लावून आलो, कुणी दार वाजवू नये म्हणून.'